नमुन्याचा खराटा

॥ श्री ॥

शिरगाव,
ता. ७ जानेवारी १९६५

चि. सौ. शालू हिस मंगलाचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुम्हीही असालच, नसायला काय झालंय? परवा पालघरच्या बाजारात रखमाकाकू भेटली. तिला आमचा भाऊराया किसना बोईसरला भेटला होता म्हणे. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की घरात रेडिओ आला आणि तुझ्या हातात नव्या बांगड्या आल्या. अगं, सख्ख्या नणंदेला हे रखमाकाकूकडून कळावं? दिवाळीनंतर तुझी दोन पत्रं आली, त्यात कोंबडीला रोग आला हेसुद्धा लिहिलंस, रेडिओ तेवढा विसरलीस.

तीन वर्षं नगरपालिकेच्या खराट्यांचं कंत्राट घरात असल्यावर रेडिओ येणारच म्हणा. झाडूवाल्यांनी शहर झाडायचं आणि बांगड्या शालूच्या वाजायच्या. मी बोलते ते तोंडावर बोलते, तुला माहीत आहे. जळते का? हो, जळते.

पत्रास कारण की यंदाची निविदा पेपरात आली आहे. वर्षभराचे खराटे, नारळाच्या हिरांचे, दर बंद लखोट्यात, वर लाखेची मोहोर, सोबत एक नमुना. ज्याचा नमुना पसंत आणि दर सगळ्यांत कमी, त्याचं कंत्राट. आम्हीही भरणार आहोत. गेली दोन वर्षं आमचा दर तुमच्याहून कमी होता आणि दोन्ही वेळा आमचा नमुना नापसंत झाला. कसा झाला ते मला कळत नाही असं समजू नकोस. नमुन्यावर नावाची चिठ्ठी असायची, आणि तिथला भांडारातला कारकून किसनाला बघितला की उठून खुर्ची देतो. म्हणून मीच ह्यांना पाटावर बसवून अर्ज लिहायला लावला की नमुन्यावर नाव कशाला हवं? साहेबाला पटलं. यंदा नमुन्यावर फक्त नगरपालिकेने दिलेला आकडा राहील. त्याखेरीज नाव, खूण, रंग, काही दिसलं की निविदा बाद. आता बघू खुर्ची कुणाला देतात.

तुझ्या खराट्याची मूठ आई बांधते हे मला ठाऊक आहे. माझी आई. तिच्याच हाताने मला हरवतेस, हे मला सगळ्यांत जास्त झोंबतं. तिला माझा नमस्कार सांग आणि गुडघ्याला करंजेल चोळत जा.

माझी माया आहेच, ती टिकवणं तुझ्या हातात.
मंगला


॥ श्री ॥

तारापूर,
ता. १६ जानेवारी १९६५

ती. वन्संस सौ. शालूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र संक्रांतीच्या दिवशीच हातात पडलं. तिळगूळ पाठवते आहे, तो खाऊन मग पुढचं वाचा, म्हणजे निदान अर्धं पत्र गोड लागेल.

रेडिओचं लिहायचं राहिलं ते खरं. जुनाच आहे, इथून बदली झालेल्या एका सर्वेअरकडून घेतला. बांगड्यांचं म्हणाल तर बाईने हातात काही घालायचंच नाही का? आईंच्या गुडघ्याला तेल रोज चोळते. त्या म्हणतात, मंगलाच्या हातात जोर जास्त होता. तुम्हीही ऐकून ठेवा, म्हणजे बरं वाटेल.

इकडे रोज नवीन जीप दिसते. बोईसर स्टेशनवर तर मराठी ऐकूच येत नाही, सगळे हिंदीत विचारतात की अणु बिजलीघर किधर है. आपल्या माडांच्या वाडीलाही नोटीस आली आहे. वाडीतून रस्ता जायचा आहे. घरही उन्हाळ्याच्या आत सोडावं लागेल, त्याबदली बोईसरच्या वाटेवर जागा मिळेल असं ठरलंय. सरकार भरपाई देणार आहे, काळजीचं कारण नाही असं हे म्हणतात.

आता मुद्द्याचं लिहिते. वन्सं, यंदा तुम्ही निविदा भरू नका. एवढ्या वर्षात मी तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागते. वाडी गेली की यांच्या हाताला खराट्याशिवाय दुसरं काम उरत नाही. नवीन जागी बस्तान बसेपर्यंत हे एक वर्ष कंत्राट राहिलं तर आम्ही तग धरू. झावळ्या विकत घेऊ, बांधायला आई आहेत, मी आहे. पुढच्या वर्षी तुम्ही खुशाल भरा, मी लाख वितळवायला येईन.

हे मी यांना न विचारता लिहिलंय. त्यांना कळलं तर आवडणार नाही.

तुमचा राग जसा आहे तसा राहू द्या, पण त्याच्या शेजारी मलाही जागा द्या.
शालू


॥ श्री ॥

शिरगाव,
ता. २० जानेवारी १९६५

चि. सौ. शालू हिस अ. उ. आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. पाकाची तार जरा जास्त झाली होती, आमच्या धाकट्या हंसाचा दात हलला.

तुझं मागणं वाचलं, दोनदा वाचलं. कंत्राट म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, हात पुढे केला की पडावा? ज्याचा दर कमी त्याचं, एवढा सरळ न्याय आहे. तीन वर्षं तुम्ही खाल्लंत तेव्हा मी पानावरून उठून गेले नाही. आता माझी पाळी आली तर तू ताटच उचलायला सांगतेस.

आणि तुला कमी काय पडणार आहे? भरपाई मिळेल, नवं घर मिळेल, उद्या अणूची वीज आली की पहिला दिवा तुमच्याच ओटीवर लागेल. इथे शिरगावात आम्ही कंदिलाची काच पुसतोय. देव द्यायला लागला की एकाच घरात देतो, दुसऱ्याने नुसतं बघायचं.

माझ्याही मागे माणसं आहेत. ठमी आणि नवसी हीर काढायला येतात. भात झोडून झालं की डोंगराकडच्या माणसांना पोटासाठी गाव सोडावं लागतं. ठमी काल म्हणाली की बाय, काम नाय दिलंस तर पोरं घेऊन वीटभट्टीवर जावं लागंल. तिला मी शब्द दिलाय. तुझ्यासाठी तो मोडू?

एक मात्र सांगते. यंदा आईला माझ्याकडे पाठव. मी तिला गेल्या चैत्रात बोलावलं, तेव्हा तिने निरोप धाडला की काम तिथे मी. म्हणजे लेकीपेक्षा खराटे मोठे झाले! कंत्राट माझ्याकडे आलं की काम इकडे असेल, मग बघते ती कुठे राहते ते. तुला हसू येईल, पण मला कंत्राट हवंय ते निम्मं याचसाठी.

तेव्हा निविदा भरणार म्हणजे भरणार. रागवायचं तर रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी न ऐकणारी,
मंगला


॥ श्री ॥

तारापूर,
ता. ३ फेब्रुवारी १९६५

ती. वन्संस शि. सा. नमस्कार वि. वि.

बरं. तुम्ही भरा, आम्हीही भरतो. आता पुन्हा मागणार नाही.

तुमच्या नियमापायी आमच्याकडे मोठं रामायण झालं. आपल्या घरच्या खराट्याच्या मुठीला आई लाल दोरा गुंडाळतात, तुम्हीही गुंडाळत असाल. मी सांगितलं की यंदा दोरा चालणार नाही, खूण धरतील. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी दोऱ्याऐवजी साधं सुंभ बांधलं. मूठ त्यांचीच आहे, ते काही तुमच्या साहेबाला अर्ज करून बदलता येणार नाही.

उद्या हे नमुना आणि लखोटा घेऊन जातील. घरात हळदीकुंकवाच्या बायका येऊन जाऊन आहेत. आई दाराशी करंडा घेऊन बसतात, मला फक्त वाण भरायचं काम. रथसप्तमीपर्यंत असंच चालणार.

दर काय लावला ते तुम्ही विचारणार नाही आणि मी सांगणार नाही.

ज्याला मिळेल त्याला मिळो, नातं तेवढं लखोट्याबाहेर राहू द्या.
शालू


॥ श्री ॥

शिरगाव,
ता. १४ फेब्रुवारी १९६५

चि. सौ. शालू हिस अ. उ. आशीर्वाद.

किसनाने तुला सांगितलंच असेल, पण तो अर्धंच सांगतो, म्हणून मी लिहिते. हे घरी आले ते चपला न काढता झोपाळ्यावर बसले. मी विचारलं, किती दराने गेलं? तर म्हणाले, दराचं सोड, तुझं कुंकू आडवं आलं.

दोघे शालक-मेहुणे नगरपालिकेत एकाच बाकावर बसले होते. आधी नमुने तपासायचे, मग लखोटे फोडायचे. साहेबाने सात आकड्याचा खराटा उचलला. मुठीवर हळदकुंकू. साहेबाने विचारलं, हे काय आहे? ह्यांनी भोळेपणाने उठून सांगितलं की साहेब, हळदकुंकू आहे. म्हणजे वर आपला नमुना कोणता तेही सांगून टाकलं! साहेब म्हणाला की हळदकुंकू मलाही ओळखता येतं, पण नियमात खूण बसत नाही आणि रंगही बसत नाही. सात बाद. मग चार उचलला. त्याच्याही मुठीवर तसंच, पिवळ्यावर लाल. सगळे हसले म्हणे. किसना तेवढा खाली बघत होता. चारही बाद.

कंत्राट शहरातल्या एका व्यापाऱ्याला गेलं. त्याच्या दारात नारळाचं झाड तर सोड, तुळस तरी असेल की नाही कोण जाणे. बाद झालेले लखोटे शेवटी फोडून परत दिले. तुमचा दर आमच्याहूनही कमी होता, आणि व्यापाऱ्याचा आम्हा दोघांच्याही वर.

कुणी लावलं? मीच लावलं. नियम मी आणवला, मी ठमीला दहादा बजावलं की शाईचा ठिपका लागू देऊ नकोस, आणि हे निघाले तेव्हा करंडा हातात होताच, लावली दोन बोटं. अगं, पहिला खराटा कोरा घराबाहेर गेलेला मी जन्मात पाहिलेला नाही. हळदकुंकू ही काय खूण झाली? ते तर असतंच. खणलेल्या खड्ड्यात आपणच पडावं ते असं. पण तुझ्याकडे काय झालं? तू तर दोरासुद्धा काढायला लावणारी.

खरं सांगू का, तुमचाही बाद झाला हे ऐकलं आणि त्या दिवशीचा पहिला घास मला गोड लागला. दुसरा नाही लागला. हे म्हणाले की किसना चहालाही थांबला नाही, स्टेशनच्या बाकावर डोकं धरून बसला होता. एका कंत्राटापायी एवढं?

आणि काल तो व्यापारी इथे आला. त्याला खराटे कुठूनतरी घ्यायचेच आहेत. मला म्हणाला, तुमच्या भावजयीने शेकडा अठरा रुपयांनी कबूल केलंय, तुम्ही सतराने द्या. अठरा? त्यात तर ठमीची मजुरीही सुटत नाही. शालू, माझ्यावरच्या रागाने तू इतकी खाली उतरलीस? मला हरवायला स्वतःला विकायला निघालीस? जळावं तरी किती माणसाने!

याचा जबाब लवकर दे. माया आहे म्हणूनच एवढी चिडले.
मंगला


॥ श्री ॥

तारापूर,
ता. २२ फेब्रुवारी १९६५

ती. वन्संस शि. सा. नमस्कार वि. वि.

तो व्यापारी आमच्याकडेही येऊन गेला. मला म्हणाला की तुमच्या नणंदबाईंनी अठराने कबूल केलंय. मी त्याला काहीच कबूल केलेलं नाही. करणार तरी कसं? माझ्याकडे विकायला खराटा नाही, आणि खराट्याला झावळी नाही.

वन्सं, वाडी जाणार आहे असं मी लिहिलं होतं. ती तेव्हाच गेली होती. मार्गशीर्षात माणसं आली आणि तीन दिवसांत सगळे माड पाडले. यांनी मला शपथ घातली होती की शिरगावला कळवायचं नाही, ताई ऐकून धावत येईल आणि तिच्यासमोर मला उभं राहता येणार नाही. म्हणून रखमाकाकूंजवळ रेडिओच्या गमजा केल्या. बांगड्या गिलिटाच्या आहेत. भरपाईचे कागद अजून फिरताहेत.

माड पाडायच्या आदल्या दिवशी आई करंडा घेऊन वाडीत गेल्या आणि प्रत्येक माडाला हळदकुंकू लावून आल्या. गुडघा दुखत होता तरी एकही सोडला नाही. ठेकेदाराची माणसं हातातलं काम टाकून बघत उभी होती. त्यातला एक परप्रांती मुलगा आईंच्या पाया पडला.

नमुन्याचे हीर विहिरीवरच्या माडाचे होते, ज्याला तुमचा झोपाळा असायचा. तो पडला तेव्हा त्याच्या झावळ्या मी घरात ओढून आणल्या. आईंनी मूठ बांधली, दोरा नको म्हटलं तर सोडला. पण हे निघाले तेव्हा त्यांनी करंडा उघडला. मी हात धरला. त्या म्हणाल्या की वाडीतला हा शेवटचा आहे, याला कोरा कसा पाठवू? मग मी हात सोडला. नियम मला पाठ होता, वन्सं. ओला फडका हाताशी होता. यांनाही दिसलं होतं. आम्ही दोघांपैकी कुणीच पुसलं नाही.

तुम्ही लिहिता की जळता. मी जळत नाही असं वाटलं तुम्हाला? गेल्या भाऊबीजेला यांच्याबरोबर मी आले होते तेव्हा तुमच्या ओटीवर पडले होते, आणि रात्रभर झावळ्यांचा आवाज येत होता. आमच्या वाडीवर तेव्हा मोजणीच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या. मला तुमचा इतका हेवा वाटला की सकाळी तुम्ही केलेले पोळे मला गिळवेनात. तुम्हाला वाटलं मी नाक मुरडलं. तो रेडिओसुद्धा माड गेल्यावर घेतला. घर मुकं वाटायला लागलं, आईंना झोप येईना, म्हणून काहीतरी वाजत राहावं.

आता लपवायला काही उरलं नाही. तुम्ही काय लिहाल याची भीती वाटते, पण लिहा.
शालू


॥ श्री ॥

शिरगाव,
ता. २८ फेब्रुवारी १९६५

चि. सौ. शालू हिस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, कारण मला पुढचं दिसेना. विहिरीवरचा माड गेला आणि मी तुला बांगड्यांवरून टोचत बसले. किसनाला सांग, मंगलाताईने तुझा कान धरायचा बाकी ठेवलाय. कान लहानपणी धरला तसाच धरणार, मग तू नव्या घराचा मालक हो नाहीतर कुणीही हो. बहिणीपासून लपवतो! आई म्हणते काम तिथे मी, आणि हा म्हणतो दुःख असेल तिथे ताई नको. एकेक नग आहेत माझ्या माहेरी.

तुझ्यावरही राग आहे. भरू नका म्हणून लिहिलंस, तेव्हा माड पडले एवढं एक वाक्य लिहायला तुझी शाई संपली होती का? मी निविदा भरली नसती. नाही, थांब, खोटं कशाला लिहू? भरली असती, पण तुला विचारून दर चढा लावला असता.

असो. व्यापारी परवा पुन्हा आला होता. मी त्याला ओटीवर बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं की शिरगाव आणि तारापूर हे एकच घर आहे, दर एकच, शेकडा सव्वीस. सातपाटीपासून सफाळ्यापर्यंत फिरून ये, एवढे खराटे वेळेवर बांधून देणारा दुसरा कुणी मिळाला तर मलाही कळव. तो रागारागाने उठून गेला. काल परत आला. चैत्र लागायच्या आत त्याला पहिली गाडी नगरपालिकेत पोचवायची आहे, नाहीतर त्याची अनामत जप्त होते. सव्वीसला कबूल झाला. त्याला वाटलं होतं या दोघी एकमेकींवर जळतात, आपण मधे बसून शेकू.

तेव्हा झावळ्या माझ्या, हीर ठमी-नवसी काढतील, मुठी आईच्या आणि तुझ्या. पैसे निम्मे निम्मे. हिशोब किसना ठेवील, पण बघीन मी. पुढच्या वर्षी निविदा एकच भरायची आणि ती तुझ्या नावावर. हे लिहिताना माझ्या पोटात दुखलं, ते तुला कळावं म्हणून लिहिते.

या पत्राबरोबर बैलगाडी येते आहे. गाडीत एक खराटा आहे, तो व्यापाऱ्याचा नाही. हीर माझ्या दारच्या माडाचे आहेत. माझ्या पाठवणीला आईने ओटीत घातलेल्या नारळाचं ते झाड, म्हणजे तुमच्या विहिरीवरच्याचंच. नव्या घरात आधी तो फिरव. मुठीला लाल दोरा आहे आणि हळदकुंकू मी भरपूर लावलंय. तिथे तपासायला कुणी साहेब बसलेला नाही.

गाडी परत पाठवताना तीत आईला बसवून दे. सांग तिला की आता काम इकडे आहे. रात्री ओटीवर निजवीन, तिला झोप लागेल.

आणि तुला हेवा वाटला, तर तूही ये.

तुझी,
मंगला